देवमाशाची उलटी आणि आमचा दीड दिवस

मैत्रीण म्हणाली, लिही, तुझ्यासारख्या इतरांना आधार होईल. मी तिला विचारलं, माझ्यासारख्या म्हणजे कोण? स्वयंपाकघरात मस्टर्ड गॅसने पोळलेल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मला अजून सापडलेला नाही. कॅन्सरवाल्यांचे मेळावे असतात, गुडघेवाल्यांचे असतात. आमचा मेळावा भरलाच, तर त्यात बाकीची सगळी माणसं अशी असतील, ज्यांच्यावर दुसऱ्या कुणीतरी हे टाकलं होतं. गॅसवर सुई तापवून स्वतःच्या हाताने फोडलं, अशी मी एकटीच असेन.

म्हणून आधीच सांगते, यात शौर्य नाही. माझे डोळे वाचले आहेत आणि हे मी स्वतः टाइप करते आहे, अक्षर मोठं करून. आवाज अर्धा परत आला आहे. फोडांचं वर्णन कुणाला हवं असेल तर ते इंटरनेटवर सापडेल. मला लिहायचं आहे ते वेगळं. हे कशामुळे झालं एवढं आम्हा दोघांना पहिल्या सकाळीच माहीत होतं, आणि आम्ही दीड दिवस गप्प बसलो.

शनिवार

शेखर माझा नवरा. मूळचा देवगडकडचा, मरीन इंजिनियर. चौदा वर्षं जहाजांवर काढली आणि गेली अकरा वर्षं इथे परदेशात, तुआसच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डमध्ये आहे. होता, म्हणायला हवं. मी पुण्याची. आम्ही बुकित बातोकला आठव्या मजल्यावर राहतो. सई, आमची मुलगी, सोळा वर्षांची. तिचं ते परीक्षेचं वर्ष होतं.

देवगडच्या त्याच्या चुलतभावांचा एक ग्रुप आहे. कोकणातल्या पेपरांत अधूनमधून एक बातमी असते, देवमाशाच्या उलटीसह दोघं ताब्यात. फोटोत चार पोलीस, पुढे टेबलावर मातकट, मेणचट गोळा, आणि बातमीत कोटी हा शब्द. ती बातमी ग्रुपवर पडली की भाऊ शेखरची टर उडवतात. "दादा, इतकी वर्सां दर्यार काढलंस, एक गोळो गावलो नाय तुका?" तो हसायचा. पण प्रत्येक वेळी फोटो बोटांनी मोठा करून बघायचा, हे मी पाहिलेलं आहे.

त्या शनिवारी यार्डात गाळ उपसणारं एक जहाज होतं. ते कुठल्या समुद्रात काम करून आलं हे लिहू नका असं वकिलांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. गाळ ओढून घेणाऱ्या त्याच्या पाइपच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. तिच्यात शिंपले, तारा, चिखल अडकून बसतो. ती साफ करून घेणं शेखरकडे होतं. त्याचा फिटर मुरुगेसन जेवायला गेला होता. हा मुरुगेसन पुदुकोट्टईकडचा, पन्नाशीचा, अकरा वर्षं शेखरच्या हाताखाली, दर दिवाळीला आमच्याकडून चकल्यांचा डबा घेऊन जाणारा. तो नसताना शेखरला जाळीत नारळाएवढा एक गोळा दिसला. वरून काळपट, तुटला तिथे पिवळट तपकिरी, मेणासारखा. त्याने स्क्रूड्रायव्हरने एक तुकडा काढला, चिंधीत गुंडाळला आणि बॉयलर सूटच्या खिशात घातला.

तो कपडे न बदलता तसाच घरी आला. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि मी खलबत्त्यात लसणाची चटणी कुटत होते. त्याने ओट्यावर पेपर पसरला आणि चिंधी सोडली.

"ओळख."

"साबण?"

"देवमाशाने दिलेला," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर ते हसू होतं, जे मी लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पाहिलं होतं.

"असलं काही घरी आणलेलं चालतं का इथे?"

"एवढासा तुकडा तर आहे. आधी खरं आहे का ते बघू."

खरं आहे का ते बघायची रीत त्याने यूट्यूबवर पाहिली होती. सुई तापवायची, टोचायची. अंबर, म्हणजे खरी उलटी, असेल तर वितळतो आणि गोडसर धूर येतो. शेखरची बोटं जाड. सुईचं काम घरात माझं. गोधडीची मोठी सुई मी चिमट्यात धरून गॅसवर लाल केली आणि त्या गोळ्यात खुपसली. वरचं कवच चिवट होतं, आत मऊ लागलं. एक तपकिरी बुडबुडा आला, थोडासा धूर. मी वाकून वास घेतला.

"लसूण," मी म्हटलं.

"तुझ्या हाताचा असेल."

मला ते पटलं. समोर खलबत्ता होता, नाही कसं पटणार? मी सुई पुन्हा तापवली आणि दुसऱ्यांदा अजून जवळ गेले. डोळे थोडे चुरचुरले, त्याचा दोष मी मिरचीला दिला. सई ट्यूशनला होती. ती यायच्या आत शेखरने गोळा एका स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा खिडकीच्या कट्ट्यावर, पोह्यांच्या डब्यामागे ठेवला. रात्री आम्ही चटणी-भाकरी खाल्ली आणि काही न ठरवता बऱ्याच गोष्टी ठरवल्या. सईला पुढे कुठे शिकवायचं, देवगडच्या घराची गच्ची. त्या रात्री आम्ही खूश होतो. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

टॅक्सी

सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि आत कुणी वाळू भरल्यासारखं होत होतं. मानेवर, उजव्या हातावर कोपरापर्यंत लाल. बोलायला गेले तर घोगरा आवाज आला, माझा वाटेना. शेखरच्या मांडीवर खिशाच्या जागी पोळीएवढा फोड आणि बोटांवर चार. सईने माझ्या डोळ्यांवर पाणी मारलं, टॅक्सी बोलावली. ती बरोबर यायला निघाली होती. शेखर तिला म्हणाला, तू अभ्यास कर, आम्ही येतोच दुपारपर्यंत.

ड्रायव्हर चिनी होता, त्यामुळे आम्ही मराठीत मोकळे होतो.

"काय सांगायचं?" शेखरने विचारलं.

"तूच सांग."

"खरं सांगितलं तर क्लायंटच्या जहाजावरून माल उचलला असं होईल. माझा नोकरीचा पास जाईल. महिन्याभरात देश सोडावा लागेल, सईची परीक्षा तोंडावर आहे. डीग्रीझर म्हणू या. तेल काढायचं केमिकल. माझ्या कपड्यांवर होतं, तू कपडे हाताळलेस."

मी हो म्हटलं. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे. मला काही दिसत नव्हतं, मला भीती वाटत होती, हे सगळं खरं. पण मला कुणी गप्प बसायला लावलं नाही. मला ती कल्पना बरी वाटली.

वॉर्ड

आंधळ्या माणसाला हॉस्पिटल आवाजांनी कळतं. ट्रॉलीचं एक चाक किरकिरतं, ती औषधांची. पाय न वाजवता येते, ती इपोह गावची नर्स. दर तासाला डोळ्यांत थेंब, आणि प्रत्येक थेंबाआधी नाव आणि जन्मतारीख. रविवारी मी किमान दहा वेळा माझी जन्मतारीख सांगितली आणि प्रत्येक वेळी ती खरी होती. बाकी सगळं खोटं होतं.

हाताचे फोड दुपारपर्यंत भरले. खोकला लागला. श्वास घेताना छातीत कुणी किसणी फिरवत होतं. शेखरला वरच्या मजल्यावर पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं. पेज यायची, मी ती चाचपडत खायची, अर्धी गाऊनवर. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या चिनी बाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्याच जेवणाला त्यांनी माझा हात धरून चमच्यापर्यंत नेला, आणि पुढे प्रत्येक जेवणाला नेला. मी त्यांचा चेहरा कधीच पाहिला नाही, मला दिसायला लागायच्या आधी त्या घरी गेल्या. मला चांगुलपणाबद्दल बोलायचा कंटाळा आहे, पण त्या हाताबद्दल लिहिलं नाही तर ते बरं दिसणार नाही.

भीतीचं म्हणाल, तर मी फक्त डोळ्यांना भीत होते. पुन्हा दिसेल का? तांदळातला खडा, सईचा चेहरा, सुईचं नाक. आलटून पालटून हे तीनच. दुसऱ्या कुणाला काही होऊ शकतं हे माझ्या मनात आलं नाही. तो डबा घरात आहे हेही आलं नाही. आजारी माणूस फार स्वार्थी होतो, आणि लोक त्याला तसं होऊ देतात.

तरुण डॉक्टर

सोमवारी सकाळी एक तरुण डॉक्टर आला. आवाजावरून तिशीचा. त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

"ऑंटी, हे फोड डीग्रीझरचे नाहीत."

मी हात पांघरुणात ओढून घेतला.

"आम्हा सगळ्यांना सैन्यात काढावी लागतात दोन वर्षं, आणि नंतरही मधूनमधून बोलावतात. मी मेडिकलमध्ये होतो. तिथे स्लाइड दाखवतात. लाली यायला काही तास, मग असे फोड, डोळे, आवाज बसणं. मी असे फोड फक्त त्या स्लाइडवर पाहिले आहेत." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही कशाला हात लावला होता का? जुनं लोखंड, समुद्रातलं काही?"

त्या मुलाने मला दार उघडून दिलं होतं. नुसतं आत जायचं होतं. मी म्हटलं, "नाही. कपडे धुतले फक्त."

"लसणासारखा वास?"

"मी चटणी करत होते."

तो म्हणाला, ओके, ऑंटी, विश्रांती घ्या. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

फोन

दुपारी चारला सईचा फोन आला. नर्सने तो माझ्या कानाशी उशीवर ठेवला.

सई घरात मराठी ऐकते आणि अर्ध्या इंग्रजीत उत्तर देते, इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावून. ती त्या दिवशी शाळेत गेलीच नव्हती. ती म्हणाली, घरात लसणाचा वास जात नाहीये, म्हणून तिने ओटा पुसला, फरशी पुसली. मला बरं वाटावं म्हणून ती स्वयंपाकघर आवरत होती. "अँड मम्मा, पोह्यांच्या मागे एक डबा आहे, चिकट काहीतरी, निघतच नाही. व्हॉट इज इट? मी गरम पाण्यात घालते आणि स्टीलच्या घासणीने काढते."

मी ओरडले. म्हणजे मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

"मम्मा? आय कान्ट हिअर यू. लाउडर लाह."

मी पुन्हा ओरडले आणि पुन्हा फक्त हवा आली. पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी बेलसाठी चाचपडले, ग्लास पडला, बेल सापडली, ती दाबून धरली. पाय न वाजवणारी नर्स पहिल्यांदाच धावत आली. मी तिचा हात ओढून तिचा कान माझ्या तोंडाशी आणला.

"मुलीला सांगा. डब्याला हात लावू नको. घराबाहेर जा. आत्ता."

नर्सने फोन उचलला आणि सांगितलं. मग मला विचारलं, "मॅडम, कुठला डबा?"

मी सगळं सांगितलं. घोगऱ्या कुजबुजीत, एका अनोळखी मुलीला, जिचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं नाही. पास, परीक्षा, देवगडची गच्ची, कशाचीही आठवण झाली नाही. खरं बोलायला मला दोन मिनिटं लागली. मी अजूनही ती दोन मिनिटं मोजते आणि रविवारच्या सकाळीत बसवून बघते.

नाव कळलं

आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतल्या लोकांना खाली उतरवलं. मुखवटे आणि जाड सूट घातलेली माणसं डबा, पेपर, सुई, खलबत्ता, सईने पुसलेलं फडकं, सगळं घेऊन गेली. सईला खालीच तंबू लावून आंघोळ घातली, केस कापावे लागले नाहीत. तिच्या मनगटावर रुपयाएवढा फोड उठला, तेवढ्यावर सुटली. डाग राहिला आहे. त्यावर ती घड्याळ बांधते.

मंगळवारी सकाळी तो तरुण डॉक्टर त्याच्या वरिष्ठांबरोबर आला. सल्फर मस्टर्ड. दुसऱ्या महायुद्धानंतर असल्या बॉम्बगोळ्यांचे ढीग उरले होते आणि बऱ्याच देशांनी ते बोटीत भरून समुद्रात ढकलून दिले. गोळ्याचं लोखंड गंजतं, आतलं थंड पाण्यात घट्ट होतं, वर कवच धरतं आणि आत जिवंत राहतं. यावर उतारा नाही. पोळलेलं पोळलं, आता फक्त जपायचं. डोळे बहुतेक येतील.

"मी काल सकाळी खरं सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

वरिष्ठ डॉक्टर सभ्य होते. ते म्हणाले, तुमच्या उपचारात फारसा फरक पडला नसता. डबा एक दिवस कमी घरात राहिला असता, हे तरुण डॉक्टरला म्हणायचं असावं, पण मी आधीच पुरेसं भोगते आहे म्हणून त्याने ते म्हटलं नाही.

मला नंतर वाचून कळलं, हे शस्त्र मारण्यापेक्षा जायबंदी करायला बनवलेलं होतं. मेलेला सैनिक पुरून टाकता येतो. आंधळा, खोकणारा, फोडांनी भरलेला सैनिक सांभाळायला आणखी चार माणसं लागतात. हे कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत ठरवलं असणार. ज्या गावांवर हे टाकलं गेलं तिथल्या बायका मुलांना घेऊन तळघरात उतरल्या, कारण बॉम्बपासून वाचायचं तर खाली जायचं हे त्यांना माहीत होतं. हा वायू जड असतो. तो त्यांच्यामागून तळघरात उतरला. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. मी हे वाचायला लागले की थोड्या वेळाने टॅब बंद करते, कारण त्यांच्या शेजारी मला बसायला जागा नाही.

हॉस्पिटलच्या कारकुनाकडे एक यादी होती, इजा कशाने झाली याची. ठिकाण या रकान्यात त्याने 'घर, स्वयंपाकघर' भरलं. कारणाच्या यादीत गरम तेल, वाफ, गॅस शेगडी, असं बरंच होतं. त्याने खूप खाली जाऊन शोधलं आणि मग मला विचारलं, मॅडम, इथे युद्धातली कारवाई असं एक आहे, तेच टाकू? मी म्हटलं, टाका. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर मी बुकित बातोकच्या स्वयंपाकघरात युद्धात जखमी झालेली आहे.

सगळा तेवढाच होता?

पण हे नंतरचं. मंगळवारी, नाव कळल्यावर तासाभराने, शेखरला व्हीलचेअरवरून माझ्याकडे आणलं. त्याला वाटलं मी रडेन. मला एकच विचारायचं होतं. शनिवारी त्याने "तुकडा" म्हटलं होतं, हे मला पहाटे आठवलं होतं.

"सगळा तेवढाच होता?"

शेखर खोटं बोलायच्या आधी घसा साफ करतो. बावीस वर्षांत त्याला हे माहीत नाही. त्याने घसा साफ केला, मग थांबला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि तेच बरं होतं.

"उरलेला यार्डात आहे," तो म्हणाला. "ग्रीसच्या रिकाम्या डब्यात. स्टोअरमध्ये, माझ्या कपाटाखाली."

"काल चौकशीवाल्यांनी विचारलं ना तुला?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"घरी होता तेवढाच."

मी बेल दाबली. या वेळी बेल कुठे आहे हे मला नीट माहीत होतं.

डबा सापडला. त्याचं झाकण उघडं होतं. मुरुगेसनने सोमवारी सकाळी तो उघडला होता. जाळीचे बोल्ट परत बसवायचे होते, ग्रीस संपलं होतं, सर रजेवर. सरांच्या कपाटाखाली ग्रीसचा डबा दिसला. जुन्या फिटरची सवय, ग्रीस तो ब्रशने लावत नसे, हातमोजा काढून बोटांनी लावायचा, आटे नीट भरतात म्हणून. वरचं कवच त्याने अंगठ्याने फोडलं. हे ग्रीस नाही हे त्याला लगेच कळलं, म्हणून त्याने ते चिंधीला पुसलं आणि कामाला लागला. जेवायच्या आधी साबणाने हात धुतले, तोवर दोन तास झाले होते. आम्ही मंगळवारी तोंड उघडलं तेव्हा तो डॉर्मिटरीत दोन्ही हात पाण्याच्या बादलीत घालून बसला होता.

सोमवारी सकाळी. मी रविवारी सकाळी हॉस्पिटलात होते.

घरी

तीन आठवड्यांनी डोळे उघडले. आधी फक्त उजेड, तो सहन होईना. मग खिडकीची चौकट. मग सई, आधी काठ नसलेली, नंतर नीट. ती रडली नाही. ती म्हणाली, "यू लाइड टू द डॉक्टर. मी तिसरीत खोटं बोलले म्हणून तू मला आठवडाभर टीव्ही दिला नव्हतास." मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार होते? ती आता माझ्याशी नीट वागते, बाबाशी कामापुरतं बोलते. घरात तिघंही आवाज न करता वावरतो.

इथला जो मुक्काम वाचवायला आम्ही गप्प बसलो, तो गेला नाही. चौकशीला आम्ही इथे असणं गरजेचं आहे म्हणून आम्हाला मुक्काम वाढवून मिळाला आहे. सईची परीक्षाही झाली. आम्ही खरं बोललो असतो तरी हे एवढंच झालं असतं, असं वकील म्हणतात. ते चांगल्या मनाने म्हणतात.

शेखर दिवसभर घरी असतो. भांडी तो घासतो, माझे थेंब तो घालतो, वेळ चुकवत नाही. मी त्याला दोष देत नाही असं लोकांना वाटतं. मी देते. रोज देते, आणि मग सुई कुणाच्या हातात होती हे आठवून अर्धा परत घेते. भावांच्या ग्रुपमधून तो बाहेर पडला आहे.

या लिखाणात उपयोगाचं काही असेल तर एवढंच आहे. समुद्रातून आलेल्या, न ओळखलेल्या वस्तूला हात लावू नका, आणि लावलात तर पहिल्या डॉक्टरला पहिल्या प्रश्नाला खरं सांगा. तुमच्यासाठी नाही. त्या वेळी ती वस्तू जिथे पडलेली असते, तिथे आणखी माणसं वावरत असतात.

गेल्या महिन्यात

सात महिन्यांनी, गेल्या महिन्यात, मला मुरुगेसन भेटला. त्याचे हात दाखवायला तो त्याच हॉस्पिटलात येतो. दोन वेळा कातडी लावली आहे. उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत, डाव्या हाताला अजून पट्टी. फिटरचं काम संपलं. उपचार झाले की त्याला घरी पाठवणार आहेत.

आम्ही रांगेत शेजारी बसलो. त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझं तमिळ त्याहून, पण अकरा दिवाळ्या आम्ही त्यावर निभावल्या होत्या. मराठीत लिहिते.

"मॅडम, डोळे?"

"दिसतं आता."

"देवाची कृपा. मी रोज सांगतो त्याला." मग म्हणाला, "सरांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. सरांचा डबा मी न विचारता उघडला. चूक माझी. कुठून काय आलंय ते सरांना तरी काय माहीत?"

मला कळलं की त्याला कुणी सांगितलेलंच नाही. यार्डाने नाही, चौकशीवाल्यांनी नाही, शेखरने तर नाहीच. सात महिने हा माणूस असं धरून बसला होता की त्याने साहेबांच्या वस्तूला हात लावला आणि देवाने हात घेतले. आणि ते तसंच राहू द्यायला मला काही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मला चांगलं येतं.

मी सांगितलं. गोळा जाळीत सापडला, सरांना वाटलं मौल्यवान आहे, त्यांनी तो तुमच्या नजरेआड ठेवला. घरी मी तो फोडला. सकाळी आम्ही इथे आलो आणि डॉक्टरांना खोटं सांगितलं.

तो ऐकत होता. मान एका बाजूला कलती, कामाची सूचना घेताना शेखरसमोर असायची तशी.

"सकाळी म्हणजे सोमवारी?" त्याने विचारलं.

"रविवारी."

त्याने पट्टीतल्या हाताकडे पाहिलं, मग उघड्या हाताकडे, आणि मला दिसलं की तो दिवस मोजतो आहे. रविवार. मग सोमवार.

समोरच्या फलकावर त्याचा नंबर लागला. तो उठला तेव्हा मांडीवरची नंबराची चिठ्ठी खाली पडली. ती उचलायला तो वाकला, पण बोटं मिटेनात. मी ती उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने माझ्याकडून ती घेतली नाही. दाराशी उभ्या असलेल्या नर्सला हाक मारली आणि ती येईपर्यंत माझ्यासमोर तसाच उभा राहिला. मग खिसा पुढे करून तिला म्हणाला, "सिस्टर, यात ठेवा."